चिन्हांची रुजवात

बुवापाड्यासारख्या वस्तीत छपाईपूर्व कामाचे दुकान मांडून बसलेल्या माणसाकडे जे काम येते ते बहुतांशी प्रसंगोपात्त असते: लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा, निवडणुका लागल्या की उमेदवारांची पत्रके, आणि औद्योगिक वसाहतीतल्या लहानसहान कारखान्यांची चलनबुके व डब्यांवरची लेबले. या कामांना घाई असते, तगादा असतो, पैशांची घासाघीस असते, परंतु अर्थाची जोखीम त्यांत फारशी नसते. पत्रिकेत वरपक्षाकडच्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या नावाची वेलांटी चुकली तर रुसवेफुगवे होतात, तरी लग्न लागायचे ते लागतेच. गणिताच्या कामाची गोष्ट निराळी. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांत खाजगी शिकवण्यांची जी दाटी होत गेली, तिच्यामुळे जूनपासून परीक्षांच्या हंगामापर्यंत माझ्या टेबलावर बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि विज्ञान शाखेच्या मुलांचे कलनशास्त्र यांचा रतीब सुरू राहतो: प्रश्नसंच, खिशात मावणाऱ्या सूत्रांच्या पुस्तिका, वर्गात लावायचे तक्ते, आणि स्टेशनच्या रस्त्यावर टांगायचे फ्लेक्स, ज्यांवर संचालकांच्या छायाचित्रामागे शोभेसाठी एखादे भारदस्त सूत्र हवेच असते.

या कामातली अडचण समीकरण लिहिण्याची नव्हे. शिक्षक मंडळी ते आपापल्या घरी वर्डमध्ये किंवा एखाद्या गणिती प्रणालीत नीटनेटके लिहून आणतात, आणि त्यांच्या पडद्यावर ते निर्दोष दिसतही असते. अडचण आहे ती तिथून उचलून आमच्या पानावर आणण्याची. पाने रचणाऱ्या ज्या प्रणाली आम्ही वापरत आलो, म्हणजे पूर्वी पेजमेकर, मग कोरलड्रॉ, आणि अलीकडे इनडिझाइन व इलस्ट्रेटर, त्यांना या सृष्टीत दोनच पदार्थ ठाऊक आहेत: मजकूर आणि चित्र. मजकूर म्हणजे एकामागून एक येणाऱ्या अक्षरांची रांग, आणि चित्र म्हणजे चौकटीत बंद केलेले, जसेच्या तसे उमटणारे काहीतरी. समीकरण या दोहोंपैकी कशातच धड बसत नाही. त्यातली अक्षरे ही अक्षरेच असतात, परंतु त्यांचा अर्थ जागेवर, उंचीवर आणि आकारावर अवलंबून असतो. दोन हा अंक ओळीत बसला तर गुणक, खांद्यावर चढला तर घात, आणि पायाशी उतरला तर केवळ ओळखीची खूण. मजकूर म्हणून आणावे तर जागा सुटते, चित्र म्हणून आणावे तर दुरुस्तीचा हक्क सुटतो, आणि माझ्या उमेदीच्या वर्षांतला बराच काळ या दोन तोट्यांपैकी कोणता केव्हा पत्करावा याचा अंदाज बांधण्यात गेला.

हा अक्षर आणि चित्र यांमधला तंटा संगणकाने निर्माण केलेला नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींना या, का, नी अशी यावत्तावत्, कालक, नीलक यांची आद्याक्षरे दिलेली आहेत, ऋण राशीच्या माथ्यावर टिंब असते, आणि अंश वर व छेद खाली लिहिला की मधल्या रेघेचीही गरज भासत नसे. म्हणजे ज्याला देवनागरी लिहिता येते त्याला बीजगणितही लिहिता येत होते, त्यासाठी निराळी चिन्हसामग्री जमवावी लागत नव्हती. पाश्चात्त्य गणित मराठीत आले ते कंपनी सरकारच्या अमदानीत, १८२० नंतरच्या दशकात, मुख्यत्वे जॉर्ज जर्व्हिस या इंजिनियर अधिकाऱ्याच्या खटपटीने, आणि त्या आरंभकाळातली पुस्तके शिळाछापावर निघत. लेखनिकाने शाईने लिहावे आणि दगडाने त्याची हुबेहूब प्रत काढावी अशी ती रीत असल्यामुळे वर्गमूळाचे चिन्ह काय आणि पोथीच्या प्रारंभीचा श्रीकार काय, छापणाऱ्याला दोन्ही सारखेच सुलभ. मोडी आणि बाळबोध यांच्या जोडीने वर्गमूळही निमूटपणे छापले जाई. गणित अवघड झाले ते खिळ्यांच्या छपाईने.

मी या धंद्यात शिरलो तो खिळ्यांच्या उतरत्या काळात, उल्हासनगरातल्या एका ट्रेडलवर. तिथे गणिताचा मजकूर आला की जुने कंपोझिटर कपाळाला आठ्या घालीत, कारण एक दुमजली अपूर्णांक जुळवायचा तर अंशाची ओळ निराळी, छेदाची निराळी, मध्ये मापात कापलेली पितळी पट्टी, आणि दोहोंच्या बाजूंना उरलेली जागा शिशाच्या कोऱ्या तुकड्यांनी इतकी घट्ट भरावी लागे की चेसची चौकट उचलताना मधलाच अपूर्णांक निखळून फरशीवर पडू नये. जगात सर्वत्रच या कामाचा दर साध्या मजकुरापेक्षा चढा असे, आणि तो वाजवीच होता. तथापि खिळ्यांच्या पद्धतीचा एक गुण मला पुढे फार आठवू लागला. पेटीत एखादे चिन्ह नसले तर ते नसे. कंपोझिटर उठून मालकाकडे जाई, मालक मुंबईच्या फाउंड्रीला चिठ्ठी पाठवी, आणि तोवर त्या जागी एक उलटा खिळा ठेवून दिलेला असे, ज्याचा काळा ठोकळा प्रुफावर कोणाच्याही नजरेतून सुटत नसे. एका चिन्हाने आपण होऊन दुसऱ्या चिन्हाचा वेष घ्यावा, असे शिशाच्या राज्यात सहसा घडत नव्हते.

संगणकावर ते सर्रास घडू लागले, आणि त्याचे कारण समजायला मला काही वर्षे लागली. जुन्या पद्धतीच्या प्रत्येक फॉन्टमध्ये २५६ घरे. संगणक दस्तऐवजात अक्षर साठवीत नाही, केवळ घराचा क्रमांक साठवतो, आणि त्या घरात कोण राहतो हे फॉन्टवर सोडून देतो. चाळीतल्या खोल्यांचे क्रमांक कायम राहावेत आणि आतले बिऱ्हाड मात्र प्रत्येक चाळीत वेगळे असावे, तसा हा मामला. गणिताची चिन्हे ‘सिम्बॉल’ नावाच्या फॉन्टमध्ये राहत, रोमन लिपी दुसऱ्या चाळीत, आणि श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम यांसारख्या मराठी फॉन्टांनी त्याच क्रमांकांच्या खोल्यांत काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे भाड्याने ठेवलेली. वर्डमधून मजकूर आमच्या प्रणालीत येताना फॉन्ट उडाला की क्रमांक तेवढे शाबूत राहत आणि चाळ बदले. चिन्ह मराठी फॉन्टमध्ये जाऊन पडले तर त्याचा अर्धा ‘च’ किंवा सुटी मात्रा होई, आणि तो मूर्खपणा आपण होऊन ओरडून उठे. रोमन फॉन्टमध्ये पडले तरी बहुतेक वेळा तसेच: अनंताच्या चिन्हाचे जपानी येन होई, ‘पेक्षा लहान किंवा समान’ या चिन्हाचे ब्रिटिश पौंड, वर्गमूळाचा दोन टिंबांचा जर्मन ओ, बेरजेच्या सिग्माचा डोक्यावर कडे चढवलेला ए, ‘म्हणून’ या अर्थी येणाऱ्या तीन टिंबांची एक तिरपी रेघ, आणि बाणाचे चक्क नोंदणीकृत व्यापारचिन्ह. बीजगणिताच्या पानावर पौंड आणि येन पाहून कोणीही दचकेल. त्या चुका मला कधी भयावह वाटल्या नाहीत.

भयावह होती ती दोन चिन्हे. ‘पेक्षा मोठे किंवा समान’ हे चिन्ह ज्या घरात राहते त्याच घरात रोमन फॉन्टमध्ये खांद्यावर बसणारा छोटा तीन राहतो, आणि ‘समान नाही’ या चिन्हाच्या घरात खांद्यावरचा छोटा एक. शिक्षकाने लिहिले होते, क्ष ≥ ५. आमच्या पानावर आले, क्ष³५. त्याने लिहिले होते, क्ष ≠ ०. आमच्याकडे उमटले, क्ष¹०. ज्याला गणित येत नाही त्याला हे गणितासारखेच दिसते, आणि ज्याला येते त्यालाही प्रुफावरून नजर फिरवताना क्षचा घन खटकत नाही, कारण बीजगणिताच्या पुस्तकात घन असायचेच. एका शिकवणीवर्गाच्या प्रश्नसंचाची पाने मी लावून ठेवली होती आणि ती छापखान्याकडे रवाना व्हायची होती. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी, जिचे शिक्षण दहावीनंतर सुटले होते, पाने चाळता चाळता थांबली आणि म्हणाली, “काका, प्रकरणाचं नाव असमानता आहे ना? मग अख्ख्या पानावर एकही मोठं-लहानचं चिन्ह कसं नाही?” मूळ कागद मागवून आम्ही रुजवात घातली तेव्हा सगळा प्रकार उघडकीस आला. तिने समीकरण तपासले नव्हते, शीर्षक आणि पान यांचा मेळ तेवढा तपासला होता. पण वाचणाऱ्याने काय वाचावे याचा तो नमुना मी अजूनही नव्या माणसाला सांगतो.

चुकीचे चिन्ह चुकीचे दिसत नाही तेव्हा काय होते याचा एक दाखला आमच्या अंबरनाथातच आहे. रुळांच्या पलीकडे, पूर्वेला, वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातले जे शिवमंदिर उभे आहे, त्यातल्या शिलालेखाचा शक पहिल्या वाचनात ७८२ असा लागला होता आणि पुढच्या वाचनात तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा निश्चित झाला. एका झिजलेल्या अंकाच्या वळणाने मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते. ७८२ हाही शक म्हणून दिसायला सर्वस्वी सभ्य. त्या आकड्यात स्वतःत काहीच वावगे नव्हते, आणि राजांच्या वंशावळीशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर हरकत घेण्याचे कारणही कोणाला सुचले नसते.

युनिकोडने प्रत्येक चिन्हाला जगभर एकच कायमचा क्रमांक दिला आणि हा चाळबदलीचा घोळ पुष्कळसा मिटला, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. परंतु मिटताना त्याने काही गमती मागे ठेवल्या. २००१ साली युनिकोडमध्ये गणितासाठी तिरप्या, जाड, वळणदार अशा रोमन अक्षरांची स्वतंत्र पलटण दाखल झाली, आणि नव्या वर्डमधले समीकरण त्याच पलटणीतली अक्षरे वापरते. आमच्याकडच्या जुन्या प्रणालींना ही घरे ठाऊकच नसल्यामुळे वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र चिकटवले की त्रिज्येच्या जागी रिकामा चौकोन येई आणि उंचीचा तिरपा एच मात्र दिमाखात उभा असे. त्या एकट्या एचवर ही मेहेरबानी का, याचा उलगडा झाला तेव्हा मला हसू आवरेना. प्लँकच्या स्थिरांकाचे चिन्ह म्हणून तिरपा एच युनिकोडमध्ये आधीपासूनच होता, म्हणून नव्या पलटणीत त्याची जागा मोकळी ठेवण्यात आली. परिणामी दहावीच्या वृत्तचितीची उंची पुंजभौतिकीच्या जुन्या परवान्यावर बुवापाड्यात सुखरूप पोचत होती.

त्याहून मोठा धक्का २०१८ च्या जानेवारीत बसला. वर्डमध्ये वर्षानुवर्षे असलेला समीकरणांचा जुना संपादक त्यातल्या सुरक्षेच्या छिद्रांमुळे मायक्रोसॉफ्टने एका अद्ययावतीकरणात काढूनच टाकला. अनेक शिक्षकांच्या संग्रहातली हजारो समीकरणे दिसत होती तशीच दिसत राहिली, पण त्यांवर टिचकी मारून आतला अंक बदलण्याची सोय बरखास्त झाली. काल जे अक्षर होते ते आज चित्र झाले होते, आणि ते कोणी केले हे बिचाऱ्या शिक्षकांना उमजतही नव्हते. ते येऊन मलाच विचारीत, “तुमच्याकडून काही झालं का हो?” मॅथटाइप घेतलेल्यांचे निभावले, कारण ती प्रणाली त्याच घराण्यातली असून जुनी समीकरणे उघडते; बाकीच्यांची आम्ही पुन्हा टाइप केली.

चित्राचा मार्ग मला नीट समजला तो बदलापूरला राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांमुळे. ते टेकमध्ये लिहीत. डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती फोटोटाइपने जुळवलेली पाहून, तिच्या कुरूपतेने व्यथित होऊन, १९७७ साली ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच रचायला घेतली, हा वृत्तान्त प्राध्यापक मोठ्या भक्तिभावाने सांगत, आणि त्यांची पाने पाहिली की ती भक्ती अस्थानी आहे असे म्हणवत नसे. ते पीडीएफ आणून देत. मी ती इलस्ट्रेटरमध्ये उघडीत असे, आणि तिथेच घोटाळा होई. टेकच्या मूळ फॉन्टांत वजाबाकीचे चिन्ह शून्य क्रमांकाच्या घरात राहते, आणि कित्येक प्रणाली ते घर रिकामेच आहे असे गृहीत धरून चालतात. वर्गसमीकरणाच्या सूत्रातली वजाबाकी अशी गळून पडली की ‘ब वर्ग वजा चार अक’ याचा ‘ब वर्ग चार अक’ असा गुणाकार होतो, जो पुन्हा दिसायला सभ्यच. मी तक्रार केली तेव्हा प्राध्यापक म्हणाले, “अहो, तुम्ही ती उघडता कशाला? पत्र पाकिटासकट पोचवायचं असतं. नुसती पानावर ठेवा.”

ठेवणे आणि उघडणे यांतला हा भेद छपाईच्या शाळेत कोणी शिकवीत नाही. पीडीएफ पानावर ठेवली की तिच्या पोटात बांधून आलेले फॉन्ट तिच्याबरोबर राहतात. ती उघडली की प्रणाली ते फॉन्ट आपल्या यंत्रावर शोधू लागते आणि न मिळाल्यास स्वतःच्या अकलेने बदली कामगार नेमते. २०२३ च्या आरंभी अडोबीने जुन्या टाइप-वन जातीच्या फॉन्टांचा आधार काढून घेतला तेव्हाही हाच भेद उपयोगी पडला: ठेवलेल्या फाइली पूर्ववत छापल्या गेल्या, उघडायच्या फाइली अडल्या. जिथे ठेवणे पुरत नाही, उदाहरणार्थ तक्त्यावर रंग बदलायचे असतात, तिथे घोस्टस्क्रिप्टसारख्या हत्याराने सर्व अक्षरांच्या रेषाकृती करून घ्याव्या लागतात, ज्याला धंद्यात सरसकट ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. कर्व्ह केलेले समीकरण म्हणजे शिळाछापच. त्याचा फॉन्ट उडत नाही, चिन्ह फिरत नाही, मात्र तीनचा चार करायचा झाला तर मूळ फाइलीकडेच परत जावे लागते, आणि ती फाइल ज्याच्याकडे असते तो नेमका त्या दिवशी कर्जत लोकलमध्ये असून त्याचा फोन लागत नसतो.

कर्व्हनेही सगळे साधते असे नाही. टेकमध्ये अपूर्णांकाची रेघ आणि वर्गमूळाचे छप्पर ही अक्षरे नसून ०.४ पॉइंट जाडीच्या रेषा असतात. कोरलड्रॉमध्ये आकाराबरोबर रेषेची जाडी वाढावी अशी तजवीज वेगळी करावी लागते. ती न करता पुस्तिकेतले सूत्र दहा फुटी फ्लेक्सवर नेले तर अक्षरे हातभर फुगतात आणि रेषा मात्र केसाएवढीच राहून पाच पावलांवरून अदृश्य होते. आमच्या परिसरात एका शिकवणीवर्गाचा असा फलक, माझ्या दुकानातून न गेलेला, कित्येक महिने झळकत होता: वर्गमूळाला छप्पर नाही, अंशाला आणि छेदाला वेगळे करणारे काही नाही, आणि खाली यशाची परंपरा अखंड.

मराठी पानावर समीकरण बसवताना आणखी एक प्रश्न येतो, ज्याचा विचार रोमन लिपीत रचलेल्या कोणत्याही प्रणालीने केलेला नाही, आणि करायचे त्यांना कारणही नाही. रोमन अक्षर आधाररेषेवर उभे राहते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. समीकरणातल्या अपूर्णांकाची रेघ ‘बरोबर’ या चिन्हाच्या मध्याशी जुळवलेली असते, आणि तो मध्य रोमन अक्षरांच्या मानाने ठरलेला असतो. तेच समीकरण चित्र म्हणून मराठी वाक्यात ठेवले की ते हटकून खाली बसल्यासारखे दिसते, कारण वाचकाची नजर शिरोरेषेवरून सरकत आलेली असते. चित्राला स्वतःची आधाररेषा ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक समीकरण हाताने वर उचलावे लागते, आणि किती उचलायचे याचा नियम मला आजवर बांधता आलेला नाही. केवळ डोळ्याने ठरते. आवर्ती दशांशाच्या अंकावरचे टिंब तर अनुस्वारासारखेच दिसते, आणि शेजारी देवनागरी मजकूर असला की मुले ते तसेच वाचून मोकळी होतात. लहान आकारात एक आणि नऊ, शून्य आणि अंशाचे चिन्ह यांची जी गल्लत होते ती वेगळीच.

वर्षानुवर्षांच्या अशा खटपटीतून दुकानात एक शिरस्ता पडला आहे. समीकरणे शेवटच्या करेक्शनपर्यंत जिवंत ठेवायची, शिक्षकाची सही झाल्यावरच कर्व्ह करायची, आणि कर्व्ह झाल्यानंतर एकाने मूळ कागद हातात धरून समीकरण मोठ्याने शब्दांत वाचायचे, “क्ष मोठा किंवा बरोबर पाच,” आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ते ऐकायचे. डोळ्याला जे सभ्य दिसून फसवते ते कानाला खुपते; ‘क्षचा घन पाच’ असे कोणी मोठ्याने वाचूच शकत नाही. या वाचनाला जो वेळ जातो त्याचे पैसे मागायला गेले की गिऱ्हाईक म्हणते, “काका, नुसतं कॉपी-पेस्ट तर करायचंय,” आणि मी खिळ्यांच्या काळातला चढा दर मनात आठवून गप्प बसतो. हल्ली तर फळ्यावरच्या समीकरणाचा मोबाइलने काढलेला फोटोच येतो. तो वाचून टेकचा मजकूर तयार करून देणाऱ्या प्रणाली निघाल्या आहेत आणि त्या आश्चर्य वाटावे इतके अचूक काम करतात, परंतु हस्ताक्षरातला क्ष आणि गुणाकाराची फुली यांत त्यांनाही कधी कधी संभ्रम पडतो, म्हणून त्यांचेही समीकरण आमच्याकडे मोठ्याने वाचले जाते.

सध्या टेबलावर पायथागोरसचा तक्ता आहे. वर्गाच्या सरांना सूत्र शब्दांत हवे आहे: कर्ण बरोबर वर्गमूळाखाली पायाचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग. अडले आहे ते ‘उंची’पाशी. वर्गमूळाचे छप्पर शिरोरेषेला समांतर धावत येते, त्यामुळे शब्दांना दोन शिरोरेषा असल्याचा भास होतो; मग ‘उंची’चा अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी त्या छपरातून वर डोके काढतात, आणि वर्गाचा दोन वेलांटीच्या शेजारी अशा उंचीवर येतो की तो तिचाच अवयव वाटावा. छप्पर वर उचलले तर शब्द आणि छप्पर यांचा संबंध तुटतो. शब्द लहान केले तर मागच्या बाकावरून दिसत नाहीत. प्राध्यापकांच्या मते हा हट्टच सोडावा आणि रोमन अक्षरे घालावी. सरांचे म्हणणे असे की ज्या मुलांसाठी तक्ता आहे त्यांना ‘उंची’ कळते, रोमन एच कळायला पुढचे वर्ष उजाडते. मला सरांचे पटते. अक्षरे मी वेगळ्या जातीची घेऊन पाहिली, छपराची जाडी शिरोरेषेच्या निम्मी केली, रंग तांबडा केला, आणि पहिल्यापेक्षा ते बरे दिसते. पण वेलांटी अजून छपराला टेकते आहे, तेव्हा तक्ता कर्व्ह करायचा राहिला आहे.